वेरूळचीं चित्रें व त्यांचे चित्रकार : एक परीक्षण

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आमच्यापुढें सनद, पत्र, बखर, ताम्रपट, शिलालेख व नाणें हीं येऊन उभीं राहतात. चित्र मात्र भिंतीवर टांगण्याची वस्तु म्हणून आपण बाजूस ठेवितों. एखाद्या दप्तरांत मोडी कागदाबरोबर चित्राचा ताव निघाला, तर कागदाची नक्कल होते, त्याची मिति ठरविली जाते, त्यांतील नांवांचा शोध चालतो. आणि चित्राविषयीं 'सुबक आहे' एवढाच शेरा मारून तें परत गुंडाळून ठेवण्यांत येतें. हें आमच्या मतें योग्य नव्हे. चित्रासही लेखक असतो, काळ असतो, स्थळ असतें, आणि खरें व बनावट यांची निवड कागदाप्रमाणें चित्रांतही करावी लागते.

हा विचार मनांत येण्यास एक कारण घडलें. पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचीं व डोंगरांचीं जीं चित्रें अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत निघालीं, त्यांच्या प्रतिकृति गेलीं कांहीं वर्षें आम्ही जमेल तशा जमवीत आहों. अमेरिकेंतील न्यू हेवन येथील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयानें आपल्या संग्रहांतील अशा जुन्या चित्रांच्या प्रतिमा इ. स. २०११ पासून सर्वांस विनामूल्य खुल्या केल्या. त्यामुळें पुण्यांत बसूनही हें काम करणें शक्य झालें. तथापि पुण्यांत बसून तें पुरें होत नाहीं, असाही अनुभव आम्हांस आला. त्या प्रतिकृति बरोबर घेऊन कार्ल्याचा डोंगर चढल्यावर व वेरूळच्या कड्यावर हिंडल्यावर घरीं बसून केलेलीं आमचीं कित्येक अनुमानें आम्हांस मागें घ्यावीं लागलीं. तो सगळा हिशेब वाचकांपुढें मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

निसर्गांत पायीं हिंडत असतां चित्रकारास स्फूर्ति होते, हें वाक्य आतां इतकें गुळगुळीत झालें आहे कीं, त्यांत नेमकें काय सांगितलें आहे हें कोणी विचारीत नाहीं. स्फूर्ति म्हणजे मनास आलेली भरती, असा अर्थ घेतला तर संशोधकास तिचा कांहीं उपयोग नाहीं. कारण ती कागदावर सिद्ध करून दाखवितां येत नाहीं. परंतु पायांनीं गांठलेल्या स्थळानें डोळ्यास शिकविलें व डोळ्यानें हातास वळण लावलें, असा अर्थ घेतला तर त्याच्या खुणा चित्रांत सांपडतात, व त्यांची तपासणीही करितां येते. आम्ही दुसरा अर्थ धरून चाललों आहों.

ज्या चित्रांचा येथें विचार कर्तव्य आहे त्यांचे कर्ते चार. थॉमस डॅनिएल (१७४९–१८४०), त्याचा पुतण्या विल्यम डॅनिएल (१७६९–१८३७), स्कॉटलंडांतील जेम्स वेल्स (१७४७–१७९५), व आमच्या पुण्याचा गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. पहिल्या तिघांचीं चरित्रें इंग्रजींत लिहिलीं गेलीं आहेत. चौथ्याविषयीं कै. रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं पुण्यावरील आपल्या १९२१ च्या इंग्रजी ग्रंथांत लिहिलें. पुढें मिल्ड्रेड आर्चर यांनीं व अलीकडे हॉली शॅफर यांनीं त्याच्या कामाचा विस्तारानें परामर्श घेतला. मराठींत मात्र त्याचें नांव अद्यापि फार थोड्यांस ठाऊक आहे, ही गोष्ट आम्हां पुणेकरांस भूषणावह नाहीं.

प्रथम डॅनिएल चुलत्या-पुतण्यांविषयीं. हे दोघे १७८६ सालीं कलकत्त्यास पोचले. १७८८ पासून तीन वर्षें त्यांनीं गंगेच्या कांठानें उत्तरेकडे प्रवास केला. १७८९ च्या उन्हाळ्यांत ते गढवालांतील श्रीनगरपर्यंत गेले, व त्या बाजूचे पहाड पाहणाऱ्या पहिल्या युरोपीय चित्रकारांत त्यांची गणना होते. १७९२ सालीं त्यांनीं दक्षिणेची फेरी केली आणि १७९३ च्या आरंभीं ते मुंबईस आले. मायदेशीं परतल्यावर १७९५ पासून १८०८ पर्यंत त्यांनीं 'ओरिएंटल सीनरी' या नांवानें एकंदर १४४ चित्रें सहा भागांत प्रसिद्ध केलीं. प्रत्येक भागांत २४ चित्रें. त्यांच्यापूर्वीं विल्यम हॉजेस हा १७८० ते १७८३ पर्यंत हिंदुस्थानांत हिंडून गेला होता व त्याचीं ४८ चित्रें प्रसिद्ध झालीं होतीं. डॅनिएल त्याच्याच वाटेनें बऱ्याच ठिकाणीं गेले, आणि हॉजेसपेक्षां अधिक बिनचूक चित्रें काढण्याचा त्यांचा आग्रह होता. त्यासाठीं ते अंधारपेटीचा उपयोग करीत. या पेटीच्या भिंगांतून समोरच्या देखाव्याची प्रतिमा कागदावर पडे, व तिची रूपरेषा पेन्सिलीनें गिरवून घेतां येई.

येथवर सर्व ठीक. परंतु या मंडळींच्या मनांत डोंगर पाहण्यापूर्वींच डोंगर कसा दिसावा याचा एक सांचा तयार होता, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. विल्यम गिल्पिन या इंग्रज धर्मोपदेशकानें वाय नदीच्या प्रवासावरील आपल्या १७८२ च्या पुस्तकानें देखावा पाहण्याची जी रीत रूढ केली, तींत पुढें काळोखी जमीन व एका बाजूस झाड, मध्यें उजेडांतील मुख्य वस्तु, व मागें धूसर होत गेलेले डोंगर, अशी मांडणी चांगली समजली जाई. निसर्गांत ती सांपडली तर उत्तम. न सांपडली तर चित्रकारानें झाड इकडचें तिकडे करावें, यास त्या रीतीची मुभा होती. म्हणजे चित्रकार पायीं चालत असे खरा, पण कित्येकदां तो आपला सांचा जेथें बसेल अशी जागा शोधीत चाले. डॅनिएलांच्या चित्रांत दोन वृत्ति एकत्र नांदतात : पेटीनें पकडलेली इमारत ही एक, व सांच्यानें रचलेली पुढची जमीन ही दुसरी. यावरून आम्हीं असा नियम बसविला आहे कीं, डॅनिएलांच्या चित्रांत मधलें व मागलें पुराव्यास घ्यावें. पुढचें झाड, पुढची माणसें व पुढचे दगड हीं शोभेचीं धरावीं. एखादी व्यक्ति अमुक चित्रांत अमुक पोशाखांत दिसते म्हणून तो पोशाख त्या स्थळीं त्या वर्षीं होताच, असें अनुमान यामुळें काढतां येत नाहीं.

आतां जेम्स वेल्स. हा १७९१ सालीं मुंबईस आला. माणसांच्या तसबिरी काढणें हा त्याचा धंदा. १७९२ सालीं पुण्यास येऊन त्यानें सवाई माधवराव पेशवे व नाना फडणवीस यांचें जें तैलचित्र काढलें, तें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. त्या धंद्यांतच तो राहता तर त्याचें आयुष्य सुखांत गेलें असतें. परंतु मुंबईस आल्यापासूनच त्यास उंच जागीं चढून जाण्याचा व तेथून सभोंवार पाहण्याचा नाद लागलेला दिसतो. मुंबई बेट व त्याचा आसमंत यांचीं बारा चित्रें त्यानें १७९१–९२ च्या सुमारास काढलीं. तीं त्याच्या मृत्यूनंतर १८०० सालीं लंडनांत प्रसिद्ध झालीं. मलबार टेंकडी, शींवचा किल्ला, घारापुरीचें बेट अशा जागांवरून घेतलेले हे देखावे आहेत. त्यांत सांचा नाहीं असें नाहीं. पण उंचीवरून पाहिल्यामुळें सांच्यास जें सांपडत नाहीं तेंही त्यांत उतरलें आहे, तें म्हणजे बेटाबेटांमधलें पाणी. पुढें भर घालून जी जमीन तयार झाली तिच्या जागीं या चित्रांत खाडी व दलदल दिसते. मुंबईच्या भूगोलाचा इतिहास लिहिणारास हीं बारा चित्रें बारा कागदपत्रांच्या तोलाचीं आहेत, आणि चित्रकार टेंकडी चढला म्हणूनच तीं हातीं आलीं.

१७९३ सालीं मुंबईस वेल्स व डॅनिएल यांची गांठ पडली. घारापुरी, कान्हेरी, कार्लें हीं लेणीं पाहण्याचा नाद वेल्सला आधींच होता. त्याच्या संगतीनें डॅनिएलांनींही तीं पाहिलीं. यानंतर डॅनिएल स्वदेशीं गेले व वेल्स मागें राहिला. यापुढची हकीकत आमच्या विषयाचें मर्म आहे.

पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचा वकील चार्ल्स वॉर मॅलेट हा होता. त्याच्या खटपटीनें व सवाई माधवरावांच्या उत्तेजनानें शनिवारवाड्यांत एक चित्रशाळा चालली, व तेथें वेल्स कांहीं पुणेकर कारागिरांस विलायती रीतीचें रेखन शिकवीत असे. गंगाराम तांबट हा त्यांतला प्रमुख. यावरून गंगाराम हा वेल्सचा शिष्य, व शिष्याचें जें कांहीं चांगलें तें गुरूचें देणें, असा समज होणें साहजिक आहे. परंतु पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें गंगारामानें काढलेलें चित्र येलच्या संग्रहांत आहे आणि त्यावरील साल १७९० आहे. त्या वेळीं वेल्सनें हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊलही ठेविलें नव्हतें. तेव्हां गंगारामाचा हात वेल्सपूर्वींच चालता होता व मॅलेटच्या नजरेसही आलेला होता, हें मान्य केलें पाहिजे. वेल्सपासून त्यास छायाप्रकाश व दूरत्वदर्शन यांचें शिक्षण मिळालें. डोळा त्याचा स्वतःचाच होता.

वेरूळच्या बाबतींत हा क्रम अधिकच स्पष्ट होतो. मॅलेटचा वेरूळच्या लेण्यांवरील निबंध १७९४ सालचा आहे. तो 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सहाव्या खंडांत १७९९ सालीं छापला गेला, व त्यासाठीं घेतलेलीं चित्रें गंगारामाच्या हातचीं होत. वेल्स वेरूळास गेला तो १७९५ सालीं, व त्या वेळीं गंगाराम त्याच्या बरोबर होता. म्हणजे पुण्याहून अडीचशें किलोमीटरांहून अधिक मजल करून या डोंगरापुढें कागद घेऊन बसण्याचें काम आधीं शिष्यानें केलें व मागाहून गुरूनें. वाटाड्या कोण व पाहुणा कोण, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

त्याच वर्षाच्या अखेरीस सर्व मोडलें. २७ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव मृत्यु पावले. पुढच्याच महिन्यांत, साष्टी बेटांतील लेण्यांचीं चित्रें काढीत असतां ताप जडून वेल्स मरण पावला. पावसाळा सरल्यावर त्या रानांतला ताप किती घातक असे हें त्या काळच्या मुंबईकरांस ठाऊक होतें. तरी तो गेला. तसबिरींचा किफायतीचा धंदा सोडून ज्या पायवाटेनें तो लेण्यांकडे वळला, तिनें त्याचें सर्वोत्तम काम त्याच्याकडून करवून घेतलें व त्याचा प्राणही घेतला. त्याचे कागद मॅलेटच्या हातीं गेले. मॅलेटनें विलायतेस परत गेल्यावर १७९९ सालीं वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशीं विवाह केला.

वेल्सच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलनें २४ चित्रें तयार केलीं व तीं १८०३ सालीं प्रसिद्ध झालीं. 'ओरिएंटल सीनरी'चा सहावा भाग म्हणून जो ओळखला जातो तो हाच. मूळ रेखाटनें वेल्सचीं आहेत हें डॅनिएलनें मुखपृष्ठावर प्रामाणिकपणें नमूद केलें आहे. त्याबद्दल त्यास दोष देतां येत नाहीं. परंतु दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली, त्या मुखपृष्ठावर गंगारामाचें नांव नाहीं. दुसरी, थॉमस डॅनिएल वेरूळास कधींच गेला नव्हता. जो डोंगर त्यानें पाहिला नाहीं, त्याचीं चित्रें मृत मित्राच्या कागदांवरून त्यानें लंडनांत बसून कोरविलीं. जुन्या चित्रांच्या बाजारांत हे ताव सुटे करून 'डॅनिएलचें वेरूळ' म्हणून विकले जातात, व घेणारा समजतो कीं, डॅनिएल तेथें बसून हें चित्र काढीत होता. हा समज खोटा आहे, आणि संग्राहकांनीं तो आपल्या यादींतून काढून टाकिला पाहिजे.

या ठिकाणीं चित्र व छाप यांमधील वाट कशी असे तें सांगणें जरूर आहे. स्थळावर पेन्सिलीचें रेखाटन. मुक्कामीं त्यावर शाईचा वा रंगाचा पातळ हात. मग तांब्याच्या पत्र्यावर रेषा. त्यानंतर पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवून तो तेजाबांत धरणें, ज्यामुळें पुडीच्या कणांमधल्या फटींतून पत्रा खाल्ला जाऊन छटा उमटते. जितका वेळ अधिक तितकी छटा गडद. शेवटीं कागदावर छाप व हातानें भरलेले रंग. या प्रत्येक पायरीवर कांहीं गळतें व कांहीं शिरतें. स्वतः पाहिलेल्या स्थळाचें चित्र डॅनिएल कोरीत असेल तर गळलेलें त्यास आठवणीनें भरून काढतां येई. कान्हेरी व घारापुरी यांच्या बाबतींत त्यास ही सोय होती. वेरूळच्या बाबतींत नव्हती. तेथें आठवणीची जागा सवयीनें घेतली, आणि सवय म्हणजे तोच पूर्वोक्त सांचा.

तरीही त्या चोवीस चित्रांस एकंदरींत हिणकस ठरवावें असें आमचें म्हणणें नाहीं. राळेच्या छटेंत काळोखाच्या जितक्या पायऱ्या दाखवितां येतात तितक्या नुसत्या रेषेंत येत नाहींत, आणि लेणें म्हणजे काळोखाचेंच घर. दगडाचा भार, खांबांमागें खांब बुडत जाणें, उजेडाचा एखादा पट्टा, यांची अनुभूति देण्यांत डॅनिएलची बरोबरी गंगाराम करीत नाहीं, हें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. गंगारामाची रेषा स्वच्छ व धीट आहे. छायाप्रकाश त्यानें शिकून घेतला आहे, पण तो त्याच्या हातीं अद्यापि थोडा परका वाटतो.

मग गंगारामाचें वैशिष्ट्य कशांत? आमच्या मतें तें यांत आहे कीं, डोंगर व देऊळ हीं त्यास दोन वस्तु वाटत नाहींत. विलायती चित्रकारास लेणें म्हणजे निसर्गानें गिळत आणलेला भग्नावशेष. त्यावर वेली हव्यात, भिंतींस भेगा हव्यात, आणि पुढें एखादा विचारमग्न मनुष्य हवा. त्या पाहण्यांत एक हुरहूर आहे व तिचें सौंदर्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु गंगाराम ज्या समाजांत वाढला त्यांत शिव व देवी हीं भग्नावशेष नव्हेत. वेरूळच्या पायथ्याचें घृष्णेश्वराचें देऊळ अहल्याबाईंनीं त्याच शतकांत पुन्हां बांधिलें होतें. पूजा चालू होती. म्हणून त्याचें लक्ष पडझडीकडे कमी व मूर्तींच्या मांडणीकडे अधिक जातें. हातीं काय आहे, पाय कसा टेकला आहे, कोण कोणाच्या उजवीकडे आहे, हें त्यास महत्त्वाचें वाटतें. तांबट घराण्यांतला तो. पत्र्यास ठोके देऊन आकार आणणाऱ्या हातांस उठावाची जाण जन्मतःच असते. कैलास लेणें तर डोंगर वरून खालीं कोरीत आणून काढलेलें आहे. तेथें कारागिरानें डोंगरांत भर घातलेली नाहीं. नको तेवढा डोंगर काढून टाकिला आहे. ही गोष्ट कारागिराच्या लक्षांत जितकी लवकर येईल तितकी रसिक प्रवाशाच्या येणार नाहीं.

येथें एक आक्षेप येण्याजोगा आहे व तो आम्हीं स्वतःशींच घेऊन पाहिला. गंगाराम पगारी मनुष्य. मॅलेटनें धाडिलें म्हणून गेला, दाखविलें तें काढून आणिलें. त्यास निसर्गापासून स्फूर्ति झाली असें म्हणणें म्हणजे आजच्या कल्पना त्याच्यावर लादणें नव्हे काय? आक्षेप खरा आहे, परंतु तो एकट्या गंगारामास लागू नाहीं. डॅनिएल ग्राहकांसाठीं हिंडले, वेल्स आश्रयदात्याच्या भरवशावर हिंडला. हुकूम मनुष्यास डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेऊं शकतो. तेथें गेल्यावर काय पाहावें हें हुकुमांत लिहिलेलें नसतें. ज्यानें शिकारखान्यांतला गेंडा जसा होता तसा काढिला, त्यानें वेरूळासही सांच्याऐवजीं समोरच्या दगडास मान दिला, एवढेंच आमचें म्हणणें आहे. स्फूर्ति या शब्दाची यापेक्षां मोठी किंमत आम्ही मागत नाहीं.

आतां आमच्या चुकीची कबुली. घरीं प्रतिकृति चाळीत असतां कित्येक चित्रांतील लेण्यांचें तोंड सावलींत का दाखविलें आहे, हें आम्हांस उमगलें नव्हतें. चित्रकारानें गंभीरपणासाठीं काळोख वाढविला असावा, असें आम्हीं टिपून ठेविलें होतें. वेरूळास सकाळीं पोचल्यावर उत्तर आपोआप मिळालें. तेथील लेण्यांचीं तोंडें पश्चिमेस आहेत. सकाळभर कडा स्वतःच्याच सावलींत असतो, आणि दोन प्रहर टळल्यावर ऊन आंत शिरूं लागतें. कार्ल्याच्या चैत्याचेंही तोंड पश्चिमेसच. तेथें संध्याकाळच्या उन्हांत आंतल्या लांकडी कमानी उजळतात. म्हणजे ज्यास आम्ही चित्रकाराची लहर समजत होतों ती दिवसाची वेळ होती. उलटपक्षीं, एखाद्या चित्रांत वेरूळच्या दर्शनी भागावर पूर्वेचें ऊन पडलेलें दिसलें, तर तें स्थळावर काढिलेलें नव्हे, किंवा मागाहून फिरविलेलें आहे, असें खुशाल समजावें. कड्याच्या माथ्यावर चढून कैलासाकडे वरून पाहिल्यावर दुसरी एक गोष्ट कळली : शिखराचा माथा व डोंगराची कड यांची उंची जवळजवळ जुळते हें खालून कधींच ध्यानांत येत नाहीं. ज्या चित्रांत हा मेळ बरोबर साधला आहे तें काढणारा, किंवा निदान मूळ रेखाटन करणारा, वर चढलेला होता.

यावरून जुन्या स्थलचित्रांच्या परीक्षणासाठीं चार प्रश्न आम्ही सुचवितों. (१) समोरचा ताव स्थळावर काढिलेला आहे, कीं मागाहून कोरलेला? कोरलेला असल्यास कोरणारा तेथें गेला होता काय? (२) चित्रकार कोठें उभा होता? ती जागा आज सांपडते काय, व तेथून तेवढेंच दिसतें काय? (३) उजेड कोणत्या दिशेचा आहे व तो त्या स्थळीं संभवतो काय? (४) ऋतु कोणता? वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्याशेजारीं ओढ्याचा जो धबधबा पडतो तो पावसाळ्यांत भरून वाहतो व उन्हाळ्यांत आटतो; तेव्हां पाण्यावरून महिना ठरविण्यास मदत होते. या चार प्रश्नांपैकीं निदान तिहींचें उत्तर स्थळावर गेल्याशिवाय मिळत नाहीं.

हें सर्व लिहीत असतां कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें त्यांनीं मिळविलीं तीं गांवोगांव पायपीट करून. त्यांच्या पुढच्या पिढ्यांस तीं दप्तरें बसल्या जागीं मिळूं लागलीं व पायपिटीची जरूर उरली नाहीं, असा समज हळूहळू दृढ झाला. आतां तर सातासमुद्रांपलीकडील चित्रें घरबसल्या पाहावयास मिळतात. ही सोय मोठी आहे व तिचा लाभ आम्हींही घेतला आहे. पण आमची सावलीसंबंधींची चूक त्या सोयीनें दुरुस्त केली नाहीं, वेरूळच्या चढानें केली. चित्रकारास जी वाट शिकविते तीच वाट चित्राच्या परीक्षकासही शिकविते, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

शेवटीं संग्राहक मंडळींस एक विनंति. वेल्सचीं चित्रें नांवानिशीं प्रसिद्ध झालीं. डॅनिएलांचीं घरोघर गेलीं. गंगारामाचे बरेचसे ताव मॅलेटच्या संग्रहाबरोबर देशाबाहेर गेले. पुण्याजवळच्या पर्वतीचें त्यानें काढलेलें चित्र पाहावयाचें झालें तर तें येलच्या संग्रहांत पाहावें लागतें, आणि पर्वती मात्र आमच्या खिडकींतून दिसते. त्याचा अथवा त्याच्या बरोबरीच्या कारागिरांचा एखादा ताव, एखादा हिशेब, 'चितारी' किंवा 'तांबट' या नांवावर पडलेली एखादी वेतनाची नोंद जुन्या पुणेकर घराण्यांच्या दप्तरांत पडून असण्याचा संभव आम्हांस वाटतो. दप्तर उलगडतांना मजकुराचा कागद काढून घेऊन चित्राचा ताव वेष्टनास वापरूं नये. त्याच्या पाठीवर काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें. आणि असें कांहीं आढळल्यास त्याची माहिती या त्रैमासिकाकडे धाडावी. चोवीस चित्रांच्या मुखपृष्ठावर जें नांव पडलें नाहीं, तें निदान आमच्या याद्यांत तरी पडावें.